बाबांच्या बंदुकीची नळी

ती. थेल्माताईस धाकट्या सेड्रिकचा आधी वाकून आणि मग घाबरून नमस्कार.

ईस्टरच्या सोमवारी बाबा आजोबांनी आफ्रिकेच्या लढाईतून आणलेली लष्करी बंदूक उडवायचे, तो ‘धडाम्’ आज चहा गाळताना कानात घुमला. कुंपणावरचे काकाकुवे एकदम उडायचे, आठवतं? मी शाळेत त्यावर ‘आफ्रिकेच्या रणातली मेघगर्जना’ नावाची कविता केली होती. (बाईंनी दहांत चार दिले. वृत्त चोख असूनही.) तुझा गुडघा कसा आहे? माझा खोकला फक्त कविता म्हणताना येतो, त्यामुळे शेजारी त्याच्यावर खूश आहेत.

आता मूळ मुद्दा. बाबांच्या अंत्यविधीला तू मला शपथ घातलीस की त्या बंदुकीला कोणी हात लावायचा नाही, लावलास तर तोंड पाहणार नाही. पण रविवारी बाबांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. तो आवाज एकदा माळावर घुमावा असं फार वाटत होतं, आणि अंगठ्याएवढं जाड ते जुनं काडतूस आता कुठे बनत नाही. म्हणून (ताई, खाली बस) मी बंदूक ओसी डंकलीकडे दिली. तो पंपांच्या दुकानामागे बंदुका दुरुस्त करतो. जुनी नळी कापून कांगारू मारणारे वापरतात त्या बारीक काडतुसाची बसव, म्हटलं.

घरी आलो. शेकोटीवरचे बंदुकीचे दोन रिकामे खिळे पाहिले आणि कवितेची एक ओळ आठवेना. सपाता न बदलताच गाडी परत फिरवली.

“ओसी, थांब! कापू नकोस!”

“काय कापू, सेड्रिककाका? तुम्ही या नळीत कधी डोकावलात का?”

डोकावणार कसा? नळीत डोकावेल त्याला पुडिंग नाही, हा बाबांचा नियम आपण साठ वर्षं पाळला. ओसीने करंगळी लावून दाखवली, तीही आत जाईना. खालचं लाकूड काढलं तर नळीवर १९३१ कोरलेलं.

“तुमच्या बाबांनीच बदललीय नळी. ही काडतुसं तर माझ्याकडे डबा भरून पडलीत. काय हो, तुमच्या घरी सगळे पुडिंगसाठीच जगायचे का?”

मी बाकावर बसून इतका हसलो की त्याने पाणी आणलं. हा बेत मनात आल्यापासूनचं सहा आठवड्यांचं ओझं उतरलं, ताई! मी मोडण्याआधीच शपथ मोडलेली होती. बाबा पाठ फिरवून काडतूस भरायचे, त्याला आपण भक्तिभाव समजत होतो, आणि माझी मेघगर्जना कांगारूंच्या काडतुसाची निघाली.

तुझा,
सेड्रिक

ता. क. – पत्र खरं तर एवढ्यासाठीच: गावच्या सभागृहातल्या प्रदर्शनात बंदुकीखाली ठेवायला तू सुरेख अक्षरात चिठ्ठी लिहिली आहेस, ‘आफ्रिकेतून आली तशीच, कुणाचाही हात न लागलेली’. तेवढी रविवारआधी बदलशील का? आणि ये. पहिला चाप तूच ओढ.

ता. क. दुसरा – दार वाजलं म्हणून उठलो होतो. काठी टेकत एक अनोळखी म्हातारा आलाय, बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. म्हणतो, “ओसीचा फोन आला. एकतीस साली मीच बसवली ती नळी. जुनी ही घ्या. तुमच्या वडिलांनी माझ्याकडे लपवायला दिली होती. म्हणाले होते, काही कर, पण आमच्या थेल्माला कळू देऊ नकोस.”

ताई, तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस!