क्षमेची ओळ

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, तुम्ही घ्या. मी इस्पितळात जाऊन येते. आपल्या लेकीला ज्याच्या गाडीने उडवलं, त्याची आई दारात आली होती. "पोरगा आता जगत नाही. तुम्हाला भेटायचं म्हणतो," म्हणाली. मी तिला पाणीही विचारलं नाही, दार लावून घेतलं.

मग बायबल मिटून प्रभूची प्रार्थना म्हणू लागले, तर 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर' या क्षमेच्या ओळीपाशी जीभ अडली. लेक गेल्यापासून ती ओळ मी गाळतेच. तुम्ही मोठ्याने म्हणता, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल.

त्याला माफ करणं जमेलसं वाटत नाही. पण तो असाच गेला, तर ती ओळ मला जन्मात म्हणता यायची नाही, याची धास्ती वाटते.

तिथे इस्पितळात आलात, तर मला समजावू नका. नुसते बाहेर बाकावर बसून राहा.