खिसे तपासायची पाळी

ताई,

रागावण्याआधी शेवटपर्यंत वाच.

हॉस्पिटलच्या धुलाईखोलीत मला नोकरीला लावलंस तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या होत्यास. "खिसा तपासल्याशिवाय कपडा मशीनमध्ये टाकायचा नाही. आणि पगार तोंड उघडून माग, माझ्यासारखी गप्प बसू नकोस." मी दोन्ही ऐकल्या.

मंगळवारी तुझ्या ॲप्रनच्या खिशात तुझ्या पगाराची स्लिप सापडली. चौदा हजार. तुला इथे अकरा वर्षं झाली, मला तीन, आणि मला अठरा मिळतात. माझा पगार ठरवतानाच साहेबांनी बजावलं होतं, "बहिणीला कळलं तर तुझेच कापीन."

मी स्लिप होती तिथे ठेवली आणि ॲप्रन मशीनमध्ये टाकला.

ओल्या खिशातला लगदा नखांनी खरवडताना तू ओरडलीस, "कुणी तपासले गं खिसे? डोळे फुटले होते का?"

मी आपल्यासोबत कपडे धुणाऱ्या बहिऱ्या मावशींचं नाव सांगितलं. तू त्यांना वाट्टेल ते बोललीस. त्या बिचाऱ्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

दुपारी डबा खाताना म्हणालीस, "सोमवारी साहेबांकडे वाढ मागू का? तुला किती देतात गं?"

"तुझ्याएवढेच. कशाला त्यांच्या तोंडी लागतेस?"

"बरं झालं विचारलं. उगाच शोभा झाली असती," म्हणालीस, आणि तुझ्यातलं अर्धं उकडलेलं अंडं माझ्या डब्यात टाकलंस.

उद्या सोमवार. हे पत्र मी तुझ्या ॲप्रनच्या खिशात ठेवतेय. तो आज धुवायला पडलाय, आणि खिसे तपासायची पाळी माझीच आहे.

तुझी,
धाकटी