दादाचा तास आणि खिशात मावणारं इंटरनेट

३ सप्टेंबर, मंगळवार

नाही म्हणजे नाही! इंटरनेटवाले महिनाभर येणार नाहीत. लेक सकाळी अर्धा तास फोन कानाला लावून उभी होती. शेवटी म्हणाली, "आई, दोन ऑक्टोबरशिवाय त्यांच्याकडे तार ओढायला माणूसच नाही." नवं घर, नवा रंग, स्वयंपाकघरात ऊन... सगळं आहे, नेमकं तेवढंच नाही. जुन्या घरात कसं बिनबोभाट चालायचं!

इथे माझा एकेक दिवस जड आहे. तिकडे भारतात दादाला अर्धांगाचा झटका आला त्याला सात आठवडे झाले. पाय सुधारला, उजव्या हातात पेला धरतो. वाचा गेली ती मात्र अजून परतलेली नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई तिकडून मला म्हणाल्या होत्या, "पहिले तीन महिने सोन्याचे. रोज तास झालाच पाहिजे. खंड पडला की आलेले शब्दसुद्धा निसटतात." त्या बाईंपुढे दादा तोंड मिटून बसतो. वहिनीवर खेकसतो. (खेकसायला शब्द लागत नाहीत!) माझ्यापुढे मात्र बसतो. म्हणून बाईंनी चित्रांचा तो प्रोग्राम मलाच पाठवला. छत्री, किल्ली, कात्री, मांजर. माझ्या लॅपटॉपवर मी चित्र लावते, बाजूला माझा चेहरा. तिकडे वहिनीच्या टॅबवर दादाला दोन्ही दिसतं. माझ्या फोनवर तो प्रोग्राम उघडतच नाही.

लेकीच्या फोनचं इंटरनेट तिच्याबरोबर कामावर जातं. ती परत येते तेव्हा तिकडे निजानीज झालेली असते.

आजचा तास बुडाला.

५ सप्टेंबर, गुरुवार

दोन गल्ल्या सोडून वाचनालय आहे. तिथे इंटरनेट फुकट! लॅपटॉप पिशवीत घालून गेले. कोपऱ्यातलं टेबल पकडलं, कानात बोंडं घातली, छत्रीचं चित्र लावलं आणि सुरू झाले — "छ... छ... छ..." मला वाटत होतं मी हळू बोलतेय. कानात बोंडं असली की कळत नाही.

समोरच्या म्हाताऱ्याने पेपर खाली केला. एका बाईने आपलं पोर उचलून दुसरीकडे नेलं. मग ग्रंथपालबाई आल्या.

"बाई, इथे कुजबुजलेलंसुद्धा चालत नाही. आणि तुम्ही तर..."

"माझा भाऊ बोलायला शिकतोय."

त्यांना वाटलं असणार, लहान भाऊ असेल. पडद्यावर बघतात तर पांढऱ्या मिश्यांचा बहात्तर वर्षांचा बाप्या! मग माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "बाहेर जिन्यातसुद्धा येतं इंटरनेट. तिथे मी ऐकणार नाही."

जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसून वीस मिनिटं तास घेतला. येणारे-जाणारे मला ओलांडून जात होते. दादाला माझ्यामागे नुसते पाय दिसत होते. असा हसला, असा हसला! झटक्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

पण गुडघे वाजले. रोज जमायचं नाही हे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

फोनच्या दुकानात गेले होते. तिथल्या मुलीला मी मनात चष्मेवाली म्हणते. चष्मा डोक्यावर असतो आणि ती तो टेबलावर शोधते.

"लॅपटॉपसाठी इंटरनेट हवंय. एक महिन्यापुरतं."

"दोन वर्षांचा करार आहे, छान आहे."

"मी डिसेंबरात परत जाणार."

"एक वर्षाचा?"

"अगं, डिसेंबरात!"

इथल्या बँकेत खातं आहे का? नाही. नावावर घर? नाही. विजेचं बिल? लेकीच्या नावावर. पासपोर्टवरचा पत्ता? तिकडचा. एकेका प्रश्नाबरोबर मी अशी आक्रसत गेले की शेवटी मलाच शंका आली, मी आहे तरी का!

मी म्हटलं, नुसतं सिम दे, फोनमध्ये घालते. पण माझ्या जुन्या फोनला खाच एकच. तिकडचं सिम काढून ठेवलं तर बँकेचे, पेन्शनचे मेसेज बंद.

मग तिने कपाटातून एक डबी काढली. साबणाच्या वडीएवढी. त्यात मुदतीचं कार्ड घालायचं, लॅपटॉपला जोडायचं, झालं. करार नाही, बँक नाही. फक्त इथे राहणाऱ्या कुणीतरी येऊन सही करायची. "उद्या मुलीला घेऊन या."

म्हणजे लहानपणी दादा माझ्या प्रगतिपुस्तकावर चोरून बाबांची सही करायचा, तसंच. आता लेक माझी पालक.

७ सप्टेंबर, शनिवार

मिळाली डबी! पासपोर्टवरचा फोटो आणि मी, असं चष्मेवालीने तीनदा पाहिलं. लेक कानात म्हणाली, "आई, जरा फोटोसारखी चिडकी हो बघू."

घरी येऊन तिने सगळं जोडून दिलं आणि वर उपदेश — "यातला डेटा मोजका आहे. तास संपला की लगेच बंद करायचं. नळ समज."

"नळ बंद करायला तू मला शिकवणार? दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात वाढलेय मी!"

८ सप्टेंबर, रविवार

पूर्ण तास झाला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ.

माझी शिकवायची पद्धत बाईंना नवलाची वाटते. खरं तर ती माझी नाहीच. कॉन्व्हेंटमध्ये पहिलीला आम्हाला उच्चार शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. हातात छोटा आरसा आणि कागदाची पट्टी. पट्टी तोंडासमोर धरायची. 'प' म्हटल्यावर हलली पाहिजे, 'ब' म्हटल्यावर इतकी नाही. आरशात जीभ कुठे जाते ते बघायचं. चुकलं तर रागवायच्या नाहीत; नुसत्या म्हणायच्या, अगेन, डिअर. मी घरी येऊन तेच सगळं दादावर करायची. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा, नगरपालिकेच्या शाळेत. बाबांना दोघांची फी झेपण्यासारखी नव्हती आणि मिशनची सवलत फक्त मुलींना होती. मला शाळेच्या फाटकाशी सोडायचा आणि धावत आपल्या शाळेत जायचा. रोज उशीर, रोज छडी. हे मला फार नंतर, आईकडून कळलं. त्याने कधी सांगितलं नाही.

आज त्याच्यासमोर कागदाची पट्टी धरली. त्यानेही तिकडे धरली. "प." हलली!

११ सप्टेंबर, बुधवार

"किल्ली." पुरी! जोडाक्षरासकट! वहिनी मागून ओरडली, "ऐकलंत का वन्सं?" ऐकलं गं बाई, सगळ्या बिल्डिंगने ऐकलं असेल.

१४ सप्टेंबर, शनिवार

काल कात्री, आज मांजर. आणि आज तासाच्या शेवटी पाच शब्द ओळीने.

बाईही आल्या होत्या. दादाच्या शेजारी बसून सगळं ऐकलं. खूश झाल्या. "असंच चाललं तर वाक्यं यायला वेळ नाही लागायचा," त्या म्हणाल्या. "मग रोज तुम्हाला अडकून पडायला नको. आठवड्यातून एकदा बोललात तरी पुरे." मी म्हटलं, तोंडात साखर पडो तुमच्या. दादा खिडकीबाहेर बघत होता.

नंतर सुचलं. झटका यायच्या आधी आम्ही भाऊबहीण आठवड्यातून एकदाच तर बोलायचो. रविवारी. "बरी आहेस ना?" "हो. तू?" "बरा. जेवण झालं?" "झालं." "बरं मग." तीन मिनिटं. कधी चार. चाळीस वर्षं असंच. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं बोलायचं सुचायचं नाही. आता रोज तासभर त्याच्या तोंडाकडे बघते तेव्हा कळतं, त्याचा खालचा एक दात कधी पडला तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

कालपासून काय झालंय कळत नाही. किल्ली अडली. 'कि' म्हणतो आणि थांबतो. छत्री तर पार गेली. मी चूक करतेय का? घाई करतेय?

बाईंना विचारलं. "होतं असं कधीकधी. नेट लावा. खंड तेवढा पडू देऊ नका."

१७ सप्टेंबर, मंगळवार

आणि आजच नेमकं शेण खाल्लं मी. दुसरा शब्द नाही.

आमच्या घरात बाबांचा नियम होता — धाकट्याने आधी फोन ठेवायचा नाही. मोठ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं दिसतं. घरी पहिल्यांदा काळा फोन आला त्या दिवसापासूनचा हा नियम. बाबा गेले, काळा फोन गेला. आमच्यात नियम राहिला. व्हिडिओवरसुद्धा मी कधी बंद करत नाही. दादा डाव्या हाताच्या बोटाने लाल गोल दाबतो, मग मी उठते.

आज तास संपला. दादाने टॅब उशीवर आडवा ठेवला आणि उठून गेला. पडद्यावर नुसतं छत. म्हटलं, येईल, चहाला गेला असेल. मी थांबले. मग दारावर कुरियरवाली आली. मग भाजी करपायला लागली. मग मी बाजारात गेले. तिकडे वहिनी बहिणीकडे गेलेली. दादा चहा पिऊन हॉलमध्येच झोपलेला.

संध्याकाळी सहाला टेबलापाशी आले. लॅपटॉपवर दादाचा छताचा पंखा गरगर फिरत होता! सहा तास तो पंखा माझ्या घरी फिरत होता. माझ्या देखतच पंखा थांबला. म्हटलं, कुणी बंद केला? पंखा नाही, डेटा संपला होता.

लेक आली. नळाची आठवणसुद्धा करून दिली नाही. त्यानेच जास्त रडू आलं.

"बंद का नाही केलंस गं आई?"

"तो मोठा आहे."

तिने कपाळावर हात मारला आणि मग मला जवळ घेतलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

संपलेलं कार्ड पुन्हा भरता येत नाही म्हणे, नवंच घ्यायचं. आणि तशी कार्डं दुकानात शिल्लक नाहीत. चष्मेवालीने दोन कपाटं उपसली, तिसरीकडे फोन केला. "शुक्रवारी सकाळी. नक्की. पहिलं तुम्हालाच देईन." मी ग्रंथपालबाईंच्या जिन्यात जायला निघाले, तर वाचनालयाला रंग काढताहेत. आठवडाभर बंद. आड पाहिला, विहीर पाहिली, दोन्हीकडे कोरडं.

तास नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तास नाही. म्हणजे दोन दिवस सलग. आधीच शब्द निसटत होते, त्यात हे. सकाळी अकराला उगाचच टेबलापाशी जाऊन बसले. बंद लॅपटॉपमध्ये माझंच तोंड. 'छ' कसा म्हणतात ते करून पाहिलं.

सगळ्यांनी त्याला मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला लावलं, आणि त्याची पाळी आली तर माझ्याच्याने दोन आठवडे धड सोबत होईना. एका नियमापायी!

सकाळी लेकीच्या फोनवर वहिनीचा निरोप आला होता — "वन्सं, जिवाला लावून घेऊ नका. इकडे सगळं ठीक आहे." वहिनीचं 'ठीक' मला ठाऊक आहे. घराला आग लागली तरी ती ठीक म्हणेल आणि बादली शोधेल.

२० सप्टेंबर, शुक्रवार

नवं कार्ड मिळालं. चालू होण्यासाठी आधी दहा मिनिटं फोनमध्ये घालायचं, मग डबीत, असं चष्मेवालीने दोनदा बजावलं. घातलं. म्हटलं, फोनमध्ये आहेच तर वहिनीला कळवू, आज तास होणार. नंबर नवा; तिकडे कुणाच्या ओळखीचा नाही.

दादाने उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?... ती खाली भाजी घ्यायला गेलीय. पंधरा मिनिटांनी करा... अहो, जरा मोठ्याने बोला की, काही ऐकू येत नाहीये."

स्वच्छ. एकही अक्षर न अडता. माझ्याच तोंडातून शब्द फुटेना.

अकराला पडद्यावर आला. इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून विंचरलेले. मी छत्रीचं चित्र लावलं.

"छ... छ..." म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "असू दे, दादा. काही घाई नाही. उद्या पुन्हा करू."