बद्द वाजणारा पत्रा

मी, मॅट्रिक पास, वय एकाहत्तर, आजवरचा व्यवसाय घरकाम, देवाला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर यजमानांना, त्यांच्या पश्चात मुलीला.

२. पोस्टातली ठेव मुलीला. शिलाई मशीन सुनेला. तिने त्यावर कुंडी ठेवू नये.

३. पोथ्या शेजारीणबाईंना. त्या वाचतात, नुसत्या पूजत नाहीत.

४. शिडाची लोखंडी बोट. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ह्यांनी ही गंजकी बया विकत घेतली आणि माझं तोंड बंद राहावं म्हणून कागदोपत्री माझ्या नावावर केली. सवत, तीही माझ्याच मालकीची! सहा वर्षं हे रोज सकाळी धक्क्यावर. गंज खरवडायचा, वेल्डरकडून पत्रे बदलून घ्यायचे, रंग द्यायचा. एकदा मी डबा घेऊन गेले तर बोटीच्या पोटातून ह्यांचा आवाज, "दमलीस ना गं? आज एवढंच." डबा तसाच परत आणला. संध्याकाळी म्हटलं, "मला कधी विचारलंत असं?" तर म्हणतात, "तू दमतेस होय?"

सबब ही बोट भंगारवाल्याला द्यावी.

याच कलमात एक कबुली. पत्रा हातोडीने ठोकून पाहतात. चांगला खणखणतो, गंजाने खाल्लेला बद्द वाजतो. ह्यांना कमी ऐकू येतं, पण मान्य कोण करणार? गेल्या वर्षी माझ्यादेखत डाव्या बाजूचा, पाण्याखाली जाणारा एक पत्रा बद्द वाजला. हे म्हणाले, "पास!" मी ऐकलं आणि गप्प बसले. बुडू दे मेली, असं मनात आलं. ती बुडेल तेव्हा आत हे असतील, हे परवा जपाला बसल्यावर सुचलं. येत्या सोमवारी बोट पाण्यात उतरायची होती.

म्हणून मृत्युपत्र उघडण्याची वाट न बघता ह्यांना साक्षीदारांसमोर बोलावून सांगितलं. रागावले नाहीत. "वर्षभर माहीत होतं तुला?" एवढंच. मग खुर्ची ओढून जवळ बसले.

"बाकीचे पत्रे ऐकशील का?"

"कान तेवढा हवा, बाई नको, असंच ना?"

"बाईशिवाय कान कसा यायचा? उद्या नऊला निघू. शिडी मी धरतो."

सोमवार रद्द झाला. सबब भंगारवाल्याचं वाक्य मी स्वहस्ते खोडलं आहे. बोट कुणाला, ते सगळे पत्रे ऐकून झाल्यावर.

लिहून देणार: सही
साक्षीदार: १. वेल्डर (बोटीच्या बाजूने), सही. २. डॉक्टर (माझ्या बाजूने), सही.
स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१४, शुक्रवार