आयर्लंडशी बोलणी

१७ मार्च, सोमवार
बाजारात आज सात बैलजोड्यांचे सौदे जुळवले. संध्याकाळी ठराव: तेजूसाठी परदेशातली युनिव्हर्सिटी मी स्वतः निवडणार. एजंट नको. पुण्याचा एजंट फोनवर 'अंकल, अंकल' करतो. बेल्ह्याच्या बाजारात सत्तावीस वर्षं दलाली केलेल्या माणसानं दुसऱ्या दलालाकडे जायचं म्हणजे लाज आहे. इंग्रजी मी पेपर आणि डिक्शनरीवर स्वतः शिकलो. पोरगी डेअरीची पदवीधर, सध्या गावच्या दूध संस्थेत फॅट तपासते. ती म्हणाली, नाना, आयर्लंडचंच बरंय, वासरांच्या आजारावर तिथं लई काम चालतं. म्हटलं, पहिल्याच दावणीला थांबायचं नसतं.

२९ मार्च
एकोणीस युनिव्हर्सिट्या तपासल्या. वहीत रकाने: पाऊस, हॉस्टेल ते वर्ग अंतर, गायींची तब्येत. वेबसाइटवरच्या गायी मोठ्या करून पाहिल्या. ऑस्ट्रेलियातल्या एकीची बरगडी दिसते. कॅनडात खूर वाढलेत. फोटोला उभ्या केलेल्या जनावराची ही गत, तर पोरांची काय असेल. निवड: आयर्लंड. तेजूला निर्णय कळवला. ती म्हणाली, बरं. बायको म्हणाली, ती पहिल्या दिवसापासून हेच सांगत व्हती की. रत्नाला अभ्यास म्हणजे काय ते कळत नाही.

३१ मार्च
फॉर्म तेजूनं भरला. ई-मेल माझा टाकायचा, पत्रव्यवहार मी बघणार, ही माझी अट. ती जरा थांबली. मग टाकला.

२२ एप्रिल, दुपारी ३.१०
ऑफर आली. निम्मी फी माफ. ९ मेपर्यंत होकार कळवा म्हणतात. तेजूला फोन केला तर संस्थेतून पळत आली, एका पायात चप्पल नाही. रत्नानं शिरा केला. माझ्या मते सौद्यात चेहरा इतका उघडा ठेवू नये. तेजूला समजावलं. आधी निम्मी माफ करणारा पुढं सगळी करतो. बाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. गिऱ्हाइकानं बोटं दाबली की आपण हात काढून घ्यायचा, चार पावलं चालायचं. मागून हाक येतेच. ती म्हणाली, नाना, ते काय रुमालवाले न्हाईत. म्हटलं, माणूस सगळीकडं सारखा. मग म्हणाली, तारखेच्या आत करा तेवढं.

२३ एप्रिल
मेल पाठवला. चार वेळा तपासला, स्पेलिंगची एकही चूक नाही. मजकूर: ऑफर पाहिली. आणखी तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. आम्हाला घाई नाही.
(तीन ठिकाणी चालू नाहीत. बाजारात याला खोटं म्हणत नाहीत.)

२ मे
त्यांचा मेल. तारीख जवळ आली आहे, आठवण करून देत आहोत. म्हणजे चार पावलांतच हाक. तेजूनं संध्याकाळी विचारलं, नाना, मेल? नाही म्हटलं. सांगितलं तर लगेच हो म्हणून बसेल.

५ मे, सोमवार
बाजारात निजामभाईंना ही बोलणी सांगितली. जनावरांचा टेम्पो चालवतात, वीस वर्षांची ओळख. वाटलं, शाबासकी देतील. म्हणाले, अमृतभाऊ, बैल न्हाई इकला तर पुढच्या सोमवारी परत दावणीला उभा राहतो. पोरीचं तसं हाये का राव? म्हटलं, तुम्ही तुमचा टेम्पो बघा. ते हसले नाहीत. एरवी हसतात.

८ मे, सकाळी
पुन्हा मेल. 'फायनल' असा शब्द आहे. अर्थ माहीत होता, तरी डिक्शनरी पाहिली. 'शेवटचं सांगतो' हे गिऱ्हाईक किमान पाचदा सांगतं. यांचं हे पहिलंच. थांबायचं.
तेजूनं विचारलं. नाही म्हटलं. जेवताना परत विचारलं.

९ मे
फोन दिवसभर हातात.

१० मे
मेल नाही. शनिवार आहे, ऑफिस बंद असणार.

१२ मे, सोमवार
मेल नाही. एक सौदा माझ्या हातून मोडला. गिऱ्हाईक कच्चं होतं.

१४ मे, दुपारी २.४०
मेल आला. तीन ओळी. होकार न आल्यानं ऑफर संपली, जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला दिली, पुढील वाटचालीस शुभेच्छा.
२.५५: कळवलं, निम्म्या माफीवर आमचा होकार आहे.
३.४०: कळवलं, पूर्ण फीवरही होकार आहे.
४.१५: कळवलं, मुलगी हुशार आहे, चूक वडिलांची आहे.
५.०५: उत्तर. दिलगीर आहोत.
संध्याकाळी तेजूनं विचारलं. नाही म्हटलं.

१९ मे
रोज विचारते. मी रोज नाही म्हणतो. योग्य वेळ साधायची आहे.

२५ मे
सांगितलं. गोठ्यात पेंड भिजवत होती. सुरुवात मी आयर्लंडच्या हवेपासून केली. तिथं उन्हं अशी नाहीतच, माणूस उदास होतो वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, नाना, मी बारा तारखेलाच तिकडं फोन केला व्हता. तारीख गेली म्हणाले. दोनदा आठवण करून दिली व्हती म्हणाले.
विचारलं, मग रोज मला का विचारत होतीस.
म्हणाली, तुमी सांगाल म्हणून.
पेंड भिजली होती, तरी ती हात फिरवत राहिली.

२६ मे, सोमवार
बाजारला गेलो नाही. सत्तावीस वर्षांत तिसरी वेळ. पहिली वडील गेले तेव्हा, दुसरी तेजू झाली तेव्हा.

८ जून
तेजूनं पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायला घेतला. आयर्लंड नाही, दुसरा देश. युनिव्हर्सिटीही तिनंच निवडली. मी मागं उभा होतो. ई-मेल स्वतःचा टाकला. पालकांच्या मोबाईलच्या रकान्यात रत्नाचा नंबर टाकला. म्हटलं, आईला इंग्रजी येत नाही, तिचा फोनही बटणांचा आहे.
म्हणाली, माहितीये. पण कुणाचा फोन आला तर ती मला सांगते.
मग बराच वेळ टाईप करत होती. पिनकोड तेवढा मला विचारला. सांगितला. तरी तिनं तो एकदा मोबाईलवर तपासून घेतला. बरोबर होता.