उमाच्या साखरेची हकीगत

खोपोली, माघ वद्य पंचमी

सौ. चारुलताताई यांस मनोरमाचा सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? महाडची थंडी आता ओसरली असेल. नात झाल्याची तार पोचलीच असेल; तारेत मावलं नाही ते इथे लिहिते.

मागच्या खेपेला तुमच्या उमाचं बाळ पोटातच गेलं, ते दुःख तुमचं-आमचं एकच. ते बाळ अंगानं फार वाढलं होतं, आईची साखर वाढली की तसं होतं म्हणे, म्हणून या वेळी लेडी डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यातच सांगितलं, "रक्तातली साखर बघू. सकाळी उपाशी घेऊन या." मी तशी शिकलेली बाई (मॅट्रिकला संस्कृत होतं). उपासाला काय चालतं हे मला कोण सांगणार? साबुदाण्याची खिचडी, वर केळं, वर राजगिऱ्याचा लाडू, असा कडकडीत उपास घडवून उमाला नेली. रक्ताचा आकडा बघून डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच.

"आजी, हिनं सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही हो, उपासाचंच."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि उमा पदरात तोंड लपवून हसत सुटली. (तिला म्हणे आधीच शंका आली होती, पण खिचडी फार छान झाली होती.)

पुढच्या वेळी खरोखरीच उपाशी नेली. ग्लुकोजचं पाणी पाजलं, पुन्हा रक्त घेतलं. तरी साखर जास्तच. परत येताना टांग्यात उमा रडली. "आई, याही वेळी तसंच होणार का हो?" मी म्हटलं, "नाही गं. तेव्हा कळलंच नव्हतं, आता वेळेवर कळलंय." म्हटलं खरं, पण घरी आल्यावर आधी देवापाशी दिवा लावला.

मग घरात गोड बंद. भाकरी, पालेभाजी, जेवणानंतर सासू-सुनेची फेरी आणि वरचेवर रक्त तपासणं. ह्यांनीही सुनेच्या जोडीला बिनसाखरेचा चहा धरला. (दुपारी शेजारच्या सोनाबाईंकडे गोड चहा पिऊन येतात, मला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं.) साखर उतरली, शेवटपर्यंत ताब्यात राहिली, आणि परवा पोरीनं असा टाहो फोडला की बाहेर बाकावर बसलेला तिचा बाप, आमचा हरी, तोही रडायला लागला. बाळंतीण खुशाल. नात बेताच्या अंगाची, नाक तुमचं. बारशाला चार दिवस आधीच या.

तुमची विहीण,
मनोरमा

ता. क. हे दुखणं आईकडून लेकीकडे येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाल्या. पत्र खरं तर त्यासाठीच. इथे आलात की तुम्हीही साखर तपासून घ्या. घाबरू नका, मी बरोबर येईन.

ता. ता. क. माझी तपासून झाली. अगदी स्वच्छ निघाली. उगीच आपलं कानावर घातलं.