शेवटचे दोन तांबे

६ एप्रिल, रविवार. धुळे.

नाना काल सकाळी पडला. माशांच्या टाकीत गोडं पाणी ओतताना बादली हिंदकळली, फरशी ओली झाली, पाय सरकला. ढोपर सुजलंय, हाड शाबूत. मला कळलं ते रफिकभाईंमुळे. समोरच राहतात, कूलर बनवतात. नाना स्वतःहून बहिणीला फोन करेल तर शपथ. पहिल्या एसटीने आले.

सांडलेल्या पाण्यापासून वीतभर अंतरावर वायरींचा गुंता. बघून अंगावर काटा आला.

मिलिंदचा पुण्याहून फोन. पोरगा घाबरलाय. "आत्या, बास झालं आता. टाकी देऊन टाका कुणाला तरी. बाबांना मी इकडे नेतो." फोन स्पीकरवर होता. नाना भिंतीकडे तोंड करून पडलेला, सगळं ऐकत होता.

मी मिलिंदला म्हटलं, मला उन्हाळाभर वेळ दे. टाकीचं काम करणारं मशीन बनवते, बादली उचलायची वेळच येणार नाही. म्हणून तर बसले. बनवायचं कसं, देव जाणे.

८ एप्रिल, मंगळ. जळगाव.

दोन दिवस डोक्यात तीच टाकी. चार फुटी. समुद्राचं पाणी, म्हणजे आरओच्या पाण्यात विकतचं मीठ घालून केलेलं. दोन जोकर मासे, आणि मुंबईच्या एका हौशी माणसाने स्वतःच्या टाकीत वाढवून दिलेले प्रवाळाचे तुकडे. आता ते पसाभर झालेत. नाना त्यांना फुलं म्हणतो.

नानाची निम्मी नोकरी कोकणात झाली, वहिनी तिथलीच. बदली होऊन धुळ्याला आले तेव्हा ती वर्षभर गप्प गप्प असायची. मग नानाने ही टाकी मांडली. वहिनी हसायची. "भाजीत मी मीठ अंदाजाने घालते, हे पाण्यात मोजून घालतात." पण रोज संध्याकाळी खुर्ची ओढून तिच्यापुढे बसायची. वहिनी गेल्यापासून नानाने खाटच टाकीशेजारी आणलीये.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी भराभर उडतं, मीठ मागे राहतं. रोज गोडं पाणी घालून पातळी राखावी लागते, नाहीतर पाणी खारट होत जातं आणि फुलं मरतात. हे नाना रोज उठल्यावर करतो. पण आता कंपवात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. बादली कुठून धरणार.

बोर्ड मागवला. पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. सोबत पाण्यात बुडवायचा तापमापक, पातळी सांगणारं तरंगतं बटण, वीज चालू-बंद करणाऱ्या चार रिले, छोटा पंप.

१७ एप्रिल, गुरु. जळगाव.

कॉलेजात परीक्षा चालू, प्रयोगशाळा रिकामी. माझ्या टेबलावर सोल्डरिंग. एक सर डोकावून म्हणाले, "मॅडम, मिक्सर बिघडला का घरचा?" मी मान वर केली नाही. बावीस वर्षं ह्यांच्या प्रयोगांची मांडणी मी करते, मला मिक्सर म्हणे.

प्रोग्राम तीनदा फसला. चौथ्यांदा बादलीतलं पाणी खाली गेलं तशी रिले टक् झाली, पंप लागला, भरल्यावर आपोआप थांबला. एकटीच होते. टाळी वाजवली.

२० एप्रिल, रवि. धुळे.

बसवलं. रफिकभाईंनी सगळ्या वायरी पाइपातून घालून भिंतीवर चढवल्या, फरशीवर आता एकही नाही. टाकीचं तापमान (यापुढे टा.ता.) सत्तावीसच्या वर गेलं की पाण्यावर पंखे लागतात. पाणी कमी झालं की पंप आरओचं गोडं पाणी ओढतो. सगळं मला मोबाईलवर दिसतं. पंखे, पंप नि बोर्ड घरच्या इन्व्हर्टरवर.

नाना खाटेवरून बघत होता. "लई डोकं लावं तू," एवढंच.

उन्हाचा ताप नानालाही सोसत नाही. रफिकभाईंकडून नवा कूलर घेतला, ताजा वाळा भरून खिडकीत बसवला. नाना आणि टाकी एकाच खोलीत, दोघांची सोय झाली. खुशीत परतले.

२४ एप्रिल, गुरु. जळगाव.

टा.ता. २९.४. पंखे अखंड चालू. काल २९ होतं.

२६ एप्रिल, शनि. जळगाव.

३०.३. फोनवर नानाला विचारलं, फुलं कशी? "मिटेल शेत." सगळी मिटलीत म्हणे. पंखा वाढवायचा का? खोली तर थंडगार आहे, मग टाकी तापते कशी? डोकं चालेना. चिडचिड. भाजी करपली.

२७ एप्रिल, रवि. धुळे.

तिसरा पंखा लावला. फरक नाही. एक प्रवाळ कडेने पांढरा पडलाय. नाना ओल्या हाताने काच पुसत राहिला, बराच वेळ. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल, मंगळ. जळगाव.

कळलं. आणि मान खाली गेली.

आज धुळ्याला भर दुपारी लाईट गेली. पंखे इन्व्हर्टरवर, कूलर नाही. खोली तापली असणार. आणि मोबाईलवर टा.ता.ची रेघ खाली! लाईट आल्यावर पुन्हा वर चढली.

कूलर. पंख्याने टाकी गार होते ती पाणी उडतं म्हणून. कूलरने खोलीतली हवा आधीच ओली, मग टाकीतलं पाणी उडणार कुठे? पंख्यांनी नुसती ओली हवा ढवळली. ओला तापमापक आणि कोरडा तापमापक शेजारी टांगून हेच मी दरवर्षी पोरांना दाखवते. आणि खानदेशातल्या कुठल्याही बाईसारखं मीही केलं: ऊन वाढलं, कूलर लाव.

नानाला फोन केला. तो लगेच, "मंग कूलर बंद कर मना." तुझी फुलं थंड आणि तू भाजत राहणार का, म्हणून ओरडले त्याच्यावर.

१ मे, गुरु. धुळे.

सुट्टी. कूलर आतल्या खोलीत नेला, नानाची खाटही. मधलं दार लावून घेतलं. दुसरा मार्ग सुचला नाही. संध्याकाळपर्यंत टा.ता. २७.६. फुलं हळूहळू उघडायला लागली. मी नाचायची बाकी होते.

नाना खाटेवर बसला होता. समोर भिंत, तिच्यावर जुनं कॅलेंडर. "इथून दिसत नही," म्हणाला. म्हटलं, उठून जायचं बघायला, चार पावलं तर आहेत. हसला.

११ मे, रवि. जळगाव.

आठवडाभर टा.ता. जागचं हललं नाही. पंप वेळच्या वेळी. मागच्या रविवारी गेले नाही, आजही नाही. गरजच काय, सगळं हातात दिसतंय. पापड करून घेतले.

१४ मे, बुध. जळगाव.

रफिकभाईंचा फोन. "अक्का, नानानं आजबी दार उघाडं नही. मी आवाज दिधा तं आतूनच व्हय म्हने." आधी नाना पहाटेच दार उघडून अंगणात असायचा. फोनवर विचारलं तर, "झोप लागस आते चांगली."

मोबाईल पाहिला. टाकी उत्तम. नाना कसा आहे ते त्यात कुठेच दिसत नाही. 

१८ मे, रवि. धुळे.

मिलिंदही आलाय, एका दिवसासाठी. मशीन बघून चाट पडला. फोटो काढले. मग जेवताना म्हणाला, "आत्या, तू तर प्रश्नच सोडवलास. टाकी आपलीआपली चालते. बाबा आता निवांत पुण्याला येऊ शकतात. तिथूनही मोबाईलवर बघतील."

 नाना इथे राहावा म्हणून मी हे केलं, आणि त्याला न्यायचा रस्ता मीच करून दिला.

मिलिंदवर रागावता येत नाही. अंगणात मला म्हणाला, "बेवेळी फोन वाजला की छातीत धस्स होतं गं. बाबा दिवसभर पडून असतात. तू पाहिलंस ना?" पाहिलंय. दाढी वाढलीये. नखं वाढलीत.

मिलिंद दुपारच्या गाडीने गेला. मी नानाला विचारलं, पुण्याला जावंसं वाटतं?  मग म्हणाला, "मशीन झाक शे तुनं. पण बठ्ठं तेच करस. मंग मी उठू कसाले?"

सगळं मशीनच करतं, मग त्याने उठायचं कशाला. भांडी घासली. घासलेलीच परत घासली. एवढी शिकले, बोर्ड शिकले, प्रोग्राम शिकले. हा माणूस सकाळी कशासाठी उठतो, ते एकदाही विचारलं नाही.

२१ मे, बुध. जळगाव.

प्रोग्राम बदलला. पंप दिवसभर भरेल, पण शेवटचं थोडं बाकी ठेवेल. साधारण दोन तांब्यांएवढं. तेवढं सकाळी नानाने घालायचं. पातळी आली की मला मोबाईलवर "हाताने" दिसेल. नऊपर्यंत आली नाही तर पंप भरून टाकेल आणि "पंपाने" दिसेल. फुलांना कसलाच धोका नाही.

बादली नाही, तांब्या. वाकायचं नाही. रफिकभाई टाकीत उतरणारा प्लास्टिकचा पाइप भिंतीला छातीइतक्या उंचीवर बसवून देणार आहेत, वर मोठं नरसाळं. खाली पायपुसणं, जाडं.

२५ मे, रवि. धुळे.

सांगितलं. नाना नरसाळ्याकडे बघत म्हणाला, "पोरखेळ शे." मी चहा केला.

जरा वेळाने पाण्याचा आवाज. निम्मं नरसाळ्यात, निम्मं पायपुसण्यावर. तांब्या खाली ठेवून हात पुसले आणि टाकीपुढच्या वहिनीच्या खुर्चीत बसला. मी आतूनच बघितलं, बाहेर गेले नाही.

२६ मे, सोम. जळगाव. हाताने.

२७ मे. पंपाने. दिवसभर कामात लक्ष नाही.

२८ मे. हाताने. रफिकभाई म्हणाले, दार उघडं, दाढी केलेली. मी प्रयोगशाळेत एकटीच "शाब्बास" म्हटलं, मोठ्याने.

२९ मे. हाताने.

३० मे. पंपाने.

३१ मे, शनि. धुळे.

मिलिंदही आलाय. उद्या नानाला घेऊनच जायचं ठरवून. गाडी भाड्याने आणलीये. मी नरसाळं दाखवलं, मोबाईल दाखवला. त्याने नीट पाहिलं सगळं. "पण आत्या, दोन दिवस नाही जमलं त्यांना. पुढे काय?" खरं आहे. हा आजार उलटा फिरत नाही, मलाही माहीत आहे.

नाना ऐकत होता. म्हणाला, "सकाळी बघू. नऊच्या आत मी पानी भरं तं इथंच राहस. पंपानी भरं तं पिशवी भरस मी." मिलिंद म्हणाला, बाबा, अशी काय पैज लावता. नाना म्हणाला, पैज नही, मनं मी बोलनू.

मग माझ्याकडे वळून, "लबाडी करानी नही, शैला."

त्याला माहीत आहे, पंप मी मोबाईलवरून थांबवू शकते.

१ जून, रवि. धुळे.

सकाळ. हात रिकामा राहिला तर काहीतरी करून बसेन, म्हणून लिहितेय.

नाना उशिरा उठला. रात्री झोप नव्हती, आज थरथर जास्त आहे. शर्टाची बटणं मिलिंदने लावायला घेतली तर हात झटकला, स्वतः लावली. त्यात बराच वेळ गेला. मी घड्याळाकडे बघत होते, मिलिंद माझ्याकडे.

पहिला तांब्या. दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला. नरसाळ्याच्या कडेला टेकवला, मग ओतला. बरंचसं आत गेलं, काही बाहेर. मिलिंद उठला, मी त्याचा हात धरला. बसला. त्याचे डोळे भरलेत. माझेही. हा पोरगा वाईट नाही, हे इथे लिहून ठेवते.

दुसरा तांब्या उंबऱ्याशीच सांडला. नाना थांबला, खाली पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता खाली बसतो की काय. नाही बसला. मिलिंदने निमूट फडकं आणून फरशी पुसली. नाना वळून पुन्हा आत गेला.

बोर्डच्या घड्याळात नऊला सहा मिनिटं कमी. पातळी अजून थोडी खाली आहे, एका तांब्याएवढी. फुलं पूर्ण उघडी आहेत, त्यांना काय कळणार.

मोबाईल माझ्या मांडीवर आहे. बोटभर काम आहे. कुणालाही कळणार नाही, मिलिंदलाही नाही. नानाला कळेल.

मोबाईल मिलिंदकडे दिला. त्याने हातात धरला, पडद्याकडे बघतोय, त्यालाही आता ठाऊक आहे कुठे दाबायचं ते. 

आत आरओचा नळ चालू झाला. तांब्या भरतोय.